आमचे बेपत्ता पुंडलिकभाऊ

पुंडलिकभाऊ रामटेके कुठल्याच दारातून सरळ आत येत नसत. उंबरठ्यावर डावा पाय ठेवायचा, हातातली छत्री जमिनीला टेकवायची आणि थांबायचं. आतल्या सगळ्यांनी माना वर केल्या की मग उजवा पाय. एकदा ते आमच्या पॉलिटेक्निकच्या स्टाफरूमच्या दारात असे थांबले आणि कोणीच मान वर केली नाही, कारण सगळ्यांचे डबे उघडलेले होते. भाऊ सगळ्यांची जेवणं होईपर्यंत उंबरठ्यावर उभे. नंतर मी म्हटलं, "भाऊ, हाक तरी मारायची." तर म्हणाले, "मास्तर, एन्ट्री उशिरा घ्याची आन् एक्झिट हळू घ्याची. मधात काय बोललो ते लोक विसरून जाते."

भाऊ झाडीपट्टीचे खलनायक. धानाची कापणी झाली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगावी मंडप पडतात, वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या सुटतात आणि माणसं थंडीत गोधड्या पांघरून रात्र रात्र नाटक बघतात. त्या नाटकांत भाऊंनी उभी हयात सुना घराबाहेर काढल्या, जमिनी लाटल्या, नायकाच्या बापाला विहिरीत लोटलं. हसायचे त्यांचे तीन प्रकार होते. पहिलं हसू कटाचं, दुसरं कट फसल्यावरचं आणि तिसरं पोलीस आल्यावरचं. मूल गावच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांना वांगी द्यायला साफ नकार दिला होता. "त्या पोरीले लेकरासकट हाकलून देल्लं तुवा. जाय, तुले नाई देत वांगे." इतर कलाकार भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतात तसे भाऊ हा किस्सा सांगत.

घरी मात्र हा माणूस मुंगीला वाट देणारा. समोर कोणीही येवो, पहिला प्रश्न "जेवला का?" उत्तर हो आलं तरी थोडा संशय ठेवून बघायचे. पुढे गुडघे गेले. शेवटच्या अंकात नायकाचा मार खाऊन पडायचं कसं तरी जमे, पण उठायला नायकालाच हात द्यावा लागे, आणि पब्लिक हसे. कंपन्यांची बोलावणी थांबली. बायको आधीच गेलेली, मुलगी माया सिंदेवाहीला. भाऊ चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या नंदूभाऊंच्या चहाच्या टपरीवर, रस्त्याकडे तोंड करून बाकड्यावर बसू लागले. तिथे ते मला सापडले.

सापडले म्हणण्याचं कारण सांगायला हवं, आणि ते सांगताना माझी शोभा होणार आहे. मी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवतो. नागपूरला होस्टेलवर असताना मला एका विलायती गेमचं वेड लागलं होतं. एक माणूस बेपत्ता आहे, त्याला शोधायचं. पण गेम नुसता पडद्यावर चालत नाही. त्यातली माणसं तुमच्या खऱ्याखुऱ्या ईमेलवर पत्रं पाठवतात, आणि कोड्याची उत्तरं गेममध्ये नसतातच, ती खऱ्या इंटरनेटवर, खऱ्या नकाशांत, जुन्या फोटोंत, रेल्वेच्या टाइमटेबलात शोधावी लागतात. कुठली साइट गेमवाल्यांनी बनवलेली आणि कुठली खरी, ते कळता कळत नाही. मी इतका घाबरलो होतो की माझ्या बँकेकडून आलेलं पत्रही मी खुन्याचं समजून बरेच दिवस उघडलं नव्हतं.

तर असा एक गेम मराठीत, आपल्या मुलखावर करायचा असं मी आणि माझी जुनी विद्यार्थिनी शबाना यांनी ठरवलं. शबानाचे वडील गोल बाजारात शिवणकाम करतात, आणि ती कोड लिहिते तेही मापं घेऊन लिहिते. मी लिहितो ते अंदाजे. गोष्ट अशी: दिगंबर साखरे नावाचा म्हातारा मोजणीदार शहराभोवतीच्या जुन्या परकोटाच्या नकाशावर एक खूण बघतो आणि जंगलाच्या दिशेने नाहीसा होतो. त्याचे धूसर व्हिडिओ, पत्रं आणि फोटो यांवरून खेळणाऱ्याने नेट धुंडाळून त्याला शोधायचं. आता दिगंबर पाहिजे होता, आणि तो असा पाहिजे होता की ज्याला कोणी ओळखत नाही. एखादा माहितीतला चेहरा असला तर खेळणारे फोटो नेटवर टाकून लगेच नाव काढतील. मी बाकड्यावरच्या भाऊंना बघितलं. त्या भुवया बघितल्या. घरी येऊन त्यांचं नाव नेटवर टाकलं, काही आलं नाही. म्हटलं, वा! या माणसाला कोणी म्हणता कोणी ओळखत नाही.

माझ्या या शोधाची फळं पुढे येतीलच.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना काम सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "त्या नेटवर सारे लोक सापडते म्हन्ते. माझं नाव टाका बरं."

मी कालचं माहीत नसल्यासारखं टाकलं. पहिला आला एक पुंडलिक रामटेके, बोअरवेलवाले, यवतमाळकडचे. फोटोत बोअरवेलची गाडी, गाडीला हार आणि हारापाशी ते. त्याखालीही तेच. त्याखाली त्यांच्या गाडीबद्दल कोणाची तरी तक्रार.

भाऊंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "अजून खाली पाहा."

खाली बोअरवेलचे पाइप होते.

"म्हंजे एवढे साल मी बोंबललो ते?"

"भाऊ, नाटकांचं कोणी टाकत नाही हो नेटवर."

"पोस्टर लागत होते ना जी. गावोगावी. माझा फोटो नायकाच्या खांद्याच्या वर."

"ते पोस्टर…"

"हाव. ते बकऱ्या खाते."  त्यांनी छत्री उचलून माझ्या छातीशी धरली, जशी नाटकात सुरी धरत असतील. "काम करतो, मास्तर. पैसे राहू द्या. पन हा खेळ झाला का नेटवर माझं नाव आलं पाह्यजे. त्या दिगंबराचं नाई, माझं. आन् बोअरवेलच्या वर."

मी हो म्हटलं. बेपत्ता माणसाच्या कामाला मी असा माणूस घेतला होता, ज्याला फक्त सापडायचं होतं.

रामाळा तलावाच्या काठी परकोटाच्या भिंतीशी आम्ही व्हिडिओ घेतला. शबानाच्या हातात मोबाइल. मी दिग्दर्शक असल्यामुळे टोपी घालून आलो होतो. म्हटलं, "भाऊ, तुमच्या मागावर कोणी आहे. घाबरलात. कुजबुजत बोला." भाऊ कुजबुजले. ती कुजबुज शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी होती. तलावावरचे बगळे उठले आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईने विचारलं, "कोन मेलं बाप्पा?"

चारदोन प्रयत्न असेच फुकट गेल्यावर शबाना म्हणाली, "भाऊ, ऐका ना. हा मोबाइल म्हणजे प्रॉम्प्टर समजा. तुम्ही ओळ विसरले. पब्लिकले कळू न देता त्याले विचारा."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. मग मोबाइलकडे वळले, आणि ओठ न हलवता, डोळे दूर ठेवून असं काही बोलले की माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत त्यांना हळू बोलायला कोणी सांगितलंच नव्हतं. तो अप्रतिम तुकडा घरी येऊन बघितला तर त्याला आवाजच नाही. वेगळ्या माइकचं बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. शबानाने खाली अक्षरं टाकली. खेळणाऱ्यांनी पुढे लिहिलं की तो मुका व्हिडिओच सगळ्यात भयंकर आहे, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्याला सलाम. तो सलाम मी घेतला.

दिगंबरचा एक ईमेल पत्ता आम्ही ठेवला होता. खेळणारा त्यावर लिहील तर मी आधी लिहून ठेवलेली ठरावीक उत्तरं आपोआप जातील, अशी योजना. भाऊंनी ती उत्तरं वाचली आणि नाक मुरडलं. "साऱ्यायले एकच डायलॉग? वर्ध्याचं पब्लिक आन् आरमोरीचं पब्लिक एक हाये का?" मग ते बाकड्यावर बसून उत्तरं सांगू लागले आणि शबाना टाइप करू लागली. प्रत्येक पत्राच्या शेवटी "जेवलात का?"

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जीव मुठीत धरून जंगलात लपलाय. आणि जेवणाचं काय विचारता?"

"लपलेल्या मानसालेच जेवनाची आठवन येते जी."

 खेळणारे त्या ओळीसाठी मुद्दाम पत्रं लिहायला लागले.

धान गुडघ्यापर्यंत आले होते त्या सुमारास आम्ही खेळ थोड्या लोकांना खेळायला दिला. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशी ठिकठिकाणची हौशी मंडळी. त्यांना जमला तर मग सगळ्यांसाठी. सुरुवातीचं पान मी स्वतः केलं होतं. भाऊंचा मोठा फोटो, वर मोठ्या अक्षरांत "बेपत्ता", खाली "शेवटचे चंद्रपूर येथे दिसले", त्याखाली माझा फोन नंबर. आणि अगदी तळाला, सौंदर्यदृष्टीने, फिकट राखाडी रंगात: हा खेळ आहे.

सकाळी ते पान कोणीतरी आपल्या गावच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत झाडीपट्टीत ते न बघितलेला माणूस उरला नव्हता. नेटवर नाव नाही म्हणजे कोणाला माहीत नाही, असं मानणारा मी विद्वान. ज्याचा फोटो नायकाच्या खांद्याच्या वर गावोगावी लागत होता, त्याला मी अनोळखी म्हणून निवडलं होतं. मूलहून फोन, वडशाहून फोन, सिरोंच्याहून एकाचा अर्ध्या तेलुगूत फोन. नागभीडकडच्या एका गावचे लोक तर जीप करून थेट पॉलिटेक्निकात आले. त्यांच्यातल्या एका दांडग्या माणसाने माझी कॉलर धरली.

"आमच्या भाऊले कोनं गायब केलं? सांग!"

"अहो, तो खेळ आहे…"

"मानूस गायब करनं तुले खेळ वाटते काय बे?"

जीपमधून आलेल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं भाऊंनी जन्मभर कमावलं होतं, मला ते एका दिवसात मिळालं. तेवढ्यात कॉलरच्या वरून मला दारात भाऊ दिसले. शबानाने त्यांना रिक्षात घालून आणलं होतं. डावा पाय उंबरठ्यावर, छत्री टेकलेली, आणि थांबलेले. सगळ्यांच्या पाठी दाराकडे. माझा श्वास कोंडत होता आणि भाऊ माना वळण्याची वाट बघत होते.

"भाऊ, या की आत!" मी ओरडलो.

त्यांनी फक्त भुवई उचलली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने मागे बघितलं, किंचाळली, सगळे वळले, आणि मग भाऊंनी उजवा पाय टाकला. टाळ्या पडल्या. माझी कॉलर सुटली. भाऊंनी सगळ्यांना विचारलं, "जेवले का?" कोणी जेवलं नव्हतं. जेवण मला द्यावं लागलं.

पण खेळ मेला होता. पानाखाली कोणा भल्या माणसाने लिहिलं होतं, "हे तर जटपुरा गेटजवळ रोज चहा पितात." पुण्याच्या एकाने विचारलं, "म्हणजे संपला का गेम?" शबाना टपरीवर आली, भाऊंच्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "सर, अपना हरवलेला माणूस सापडला. चाय पिऊन राह्यला."

मी म्हटलं, दुसरा कोणीतरी दिगंबर बघू, व्हिडिओ परत घेऊ. हे मी भाऊंच्या समोर म्हटलं.  खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला दिला. त्यात बोअरवेलचं पान उघडं होतं. हल्ली रोज सकाळी ते शबानाकडून ते उघडून घेत आणि आपण आलो का बघत.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, खेळाच्या दिवशी खलनायक गावात दिसत नाई. मालूम आहे का?"

मला माहीत नव्हतं. झाडीपट्टीचा रिवाज असा की कंपनी सकाळी गावात पोचली की बाकीचे नट हिंडतात, पण खलनायक ज्या घरी उतरला त्या घरातून बाहेर पडत नाही. दिवसा ज्याला पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेताना बघितला, त्याला रात्री कोण भिणार? आणि चुकून तो दिसलाच तर लोक मान फिरवतात. पब्लिकलाही तो रिवाज माहीत असतो. दिसला तरी दिसला नाही.

"पण भाऊ, हे लोक नेटवर आहेत," मी म्हटलं.

"पब्लिक पब्लिक राह्यते," भाऊ म्हणाले, आणि उठले. पैसे द्यायला गेल्यासारखे नंदूभाऊंच्या कानाशी लागले, रस्त्याच्या कडेने हळू हळू चालत गेले आणि गेटच्या कमानीखाली एकदा थांबून नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं. घराला कुलूप. फोन बंद.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्याची माझी कुवत नव्हती, म्हणून ते खेळात आधीपासून नव्हतं. अख्ख्या मुलखाने तोंड बंद केलं. ज्याने चहाचं लिहिलं होतं त्यानेच खाली लिहिलं, "माफ करा, तो दुसराच म्हातारा होता." नकाशावरून टपरीचा नंबर काढून नाशिकच्या कोणी फोन केला, तर नंदूभाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "येत होते जी. पन आता नाई येत. त्यायचा कप तसाच ठेवला आहे." आणि खरंच त्यांनी एक कप बाकड्यावर पालथा घालून ठेवला होता. खेळणाऱ्यांमध्ये हाहाकार. पुण्याच्या माणसाने लिहिलं, "गेम आत्ता सुरू झाला."

अडचण एकच होती. शेवट. जो दिगंबरला शोधून काढेल त्याच्यासमोर दिगंबर बोलणार, असा शेवट होता, आणि भाऊ कुठे आहेत हे मलाच माहीत नव्हतं. मी नंदूभाऊंना विचारलं.

"कोन भाऊ?"

"अहो, मी आहे! खेळ माझाच आहे!"

"म्हून तं. मास्तरले तर बिलकुल सांगजा नोका म्हनले. तुमच्या तोंडावर सारं दिसते."

मी निघालो. बल्लारपुरात भाऊंचा मावसभाऊ पेपरमिलच्या मागे राहतो, त्याने मला पोटभर जेवू घातलं आणि मूलला पाठवलं. मूलच्या बाजारात ती वांगीवाली भेटली. "तो? मेला असन," म्हणाली, आणि मी जायला वळलो तर पिशवीत वांगी घालून म्हणाली, "दिसला तं देजा. कवळे हाये." सिंदेवाहीला मायाकडे गेलो. माया शांतपणे म्हणाली, "बाबा? इथी नाई आले जी." मी चहा घेतला, ऊन फार होतं, दाराशी एक छत्री होती, माया म्हणाली न्या. मी ती छत्री घेऊन चंद्रपूरला परत यायला चांदाफोर्टच्या गाडीत बसलो, आणि पुढे बरेच दिवस भाऊंची छत्री डोक्यावर धरून भाऊंना शोधत हिंडलो.

इकडे खेळणाऱ्यांना दिगंबरकडून नवे व्हिडिओ जाऊ लागले, मी न बनवलेले. शबानाने दाखवले तेव्हा मी हादरलो; ते तिच्याकडे कुठून येतात ते मात्र तिनेही मला सांगितलं नाही. भाऊ त्याच हळू आवाजात प्रॉम्प्टरशी बोलावं तसं बोलत होते. मागे धानाचं शेत. एकदा रेल्वेची शिटी. एकदा म्हणाले, "मी जवळच हाये. पाय वाजवून राह्यलो, ऐका."

नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मेघना कुलकर्णींनी ते ऐकलं. त्यांनी झाडीपट्टीचं नाटक जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचं मला पत्र आलं. लिहिलं होतं की मागच्या शेतात छोटे छोटे वाफे आहेत आणि प्रत्येक वाफ्यात नंबराची पांढरी पाटी आहे. शेतकरी आपल्या धानाला नंबर देत नाही. म्हणून त्यांनी भाताच्या वाणांच्या चाचण्या कुठे होतात ते नेटवर शोधलं, तर या भागात सिंदेवाहीचं संशोधन केंद्र निघालं. जवळून रेल्वे जाते. मग उपग्रहाच्या फोटोवर शेतं बघितली, व्हिडिओतल्या पाण्याच्या टाकीची सावली कुठल्या बाजूला पडते ते कागदावर काढून बघितलं. "दिगंबर साखरे केंद्राच्या कुंपणाबाहेर, टाकीच्या उगवतीला, बांधावर बसतात. सकाळी. मी रविवारी येते आहे."

मी शबानाला म्हटलं, "शक्य नाही. सिंदेवाही मी स्वतः बघून आलोय."

शबानाने माझ्या हातातल्या छत्रीकडे बघितलं. छत्रीच्या मुठीवर पु. रा. कोरलेलं होतं. "सर," ती म्हणाली, "आप रहने दो."

रविवारी आम्ही तिघं त्या बांधावर गेलो. कडेच्या शेतात निंदण करणाऱ्या बाया वाकलेल्या. लांबून भाऊ दिसले, आमच्याकडे पाठ, डोक्यावर दुपट्टा, दगडावर बसलेले. आमची पावलं ऐकून ते उठले नाहीत. मेघनाबाई थबकल्या, त्यांचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता. एवढे आठवडे त्या या माणसाच्या मागे होत्या आणि आता त्याची पाठ समोर होती. मला वाटलं, भाऊ, वळा लवकर, बाई घाबरल्यात. पण ते कसले लवकर वळतात. निंदणाऱ्या एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. शेवटच्या बाईने कंबर सरळ केली तेव्हा भाऊ वळले.

"उशीर केला तुमी," ते म्हणाले. इतक्या हळू की वाऱ्यातून वेचून घ्यावं लागलं. "मी म्हटलं, आता कोनी येतच नाई. मानूस लपते, बाई, ते कोनी शोधावं म्हून. नाई तं लपून काय करते?"

हे माझ्या संहितेत नव्हतं. मेघनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी एक श्वास जाऊ दिला आणि म्हणाले, "जेवल्या का?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. मेघनाबाई हसल्या, डोळे पुसले, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी इतक्या महिन्यांत कुठेही लिहिला नव्हता. "आणि तुमचं खरं नाव काय?"

भाऊंना कोणी हे विचारत नसे. लोक त्यांना नाटकातल्या पाटलाच्या नावाने शिव्या देत. त्यांनी दुपट्टा डोक्यावरून काढला, त्याची नीट घडी घातली. "पुंडलिक रामटेके. झाडीपट्टी रंगभूमी." आणि मग माझ्याकडे बघून, "मास्तर, छत्री आनली का? ऊन लागून राह्यलं मले."

मी वांगीही दिली. थोडी सुकली होती.

मेघनाबाईंनी घरी जाऊन सगळा शोध सविस्तर लिहिला आणि नेटवर टाकला, भाऊंच्या पूर्ण नावाने, बांधावरच्या फोटोसह, शेजारी स्वतः काढलेलं भाऊंचं चित्र. तो वाचून कोणी आपल्या घरची जुनी पोस्टरं टाकली, कोणी लहानपणी त्यांना किती भ्यायलो ते लिहिलं. खेळ सगळ्यांसाठी खुला झाला, बरा चालला. भाऊंना त्यात रस नव्हता. ते रोज सकाळी बाकड्यावरून विचारत, "आज बोअरवेल वर का मी वर?" बरेच दिवस बोअरवेल वर होतं. मग एक दिवस शबाना स्कूटरवरूनच ओरडली, "भाऊ, तुम्ही वर!" भाऊंनी तिसरं हसू काढलं. टपरीवरची माणसं दचकली. त्याच आठवड्यात यवतमाळचे बोअरवेलवाले फोनवर बोलले. त्यांना दिवसभर लोक विचारत होते, "दिगंबर तुम्हीच का?" भाऊंनी त्यांना विचारलं, जेवले का, आणि दोघं बराच वेळ बोलत बसले.

पुढच्या एका सकाळी आम्ही बाकड्यावर असताना डोक्यावर कॅमेरा घेतलेली ती गाडी आली, रस्त्यांचे फोटो घेत फिरते ती. मी म्हटलं, "भाऊ, ही नेटच्या नकाशासाठी. हिच्यात जे येतं ते सगळ्या जगाला दिसतं." भाऊंनी बशी खाली ठेवली. उठले, गुडघा धरून, सावकाश. डावा हात कमरेवर, उजव्या हातात छत्री, हनुवटी वर. गाडी जवळ आली, गेली, आणि गेटमधून पार होईपर्यंत ते तसेच उभे. "आलो का?"

काही महिन्यांनी फोटो आले, तर यंत्राने नियमाप्रमाणे सगळ्यांची तोंडं पुसट केलेली. मला दाखवायला धीर होईना. भाऊंनी निरखून बघितलं. "तोंड तं कोनीबी वळखते, मास्तर," ते म्हणाले. "हे उभं राह्यनं पाहा. हे त्या बोअरवेलवाल्याले जमन का?"

भाऊ गेले ते मायाच्या घरी, पुढच्या साली धानाची कापणी आटोपल्यावर, कंपन्यांच्या गाड्या सुटायच्या सुमारास. दुपारी जेवून पडले होते. मूलच्या भाजीवालीसकट माणसं आली.

मी अजून कधी कधी तो रस्ता नकाशावर उघडतो. नंदूभाऊंची टपरी, बाकडं, बाकड्यापुढे भाऊ. शेजारी कपात वाकलेला एक माणूस दिसतो, तो मी, बिस्किट पडलं होतं म्हणून. सगळ्यांची तोंडं पुसट आहेत, माझं करायची गरज पडलेली नाही. पुढचा बाण दाबला की गाडी थोडी पुढे सरकते, आणि कळतं की भाऊंची मान गाडीबरोबर वळली आहे. हात कमरेवरच. आणखी एक बाण, भाऊ थोडे लहान. आणखी एक, आणखी लहान, तरी छत्री सरळ. गेटची कमान आली की ते दिसत नाहीत.

मग मी बाण उलटा दाबतो. कमानीच्या पलीकडून आधी छत्री येते.

मी मान वर करून वाट बघतो.